साईट बंद पडली तर रात्री उठणार कोण? आंबा विकणाऱ्यांनी आणि त्यांची साईट बनवणाऱ्या मुलांनी आधीच ठरवायची गोष्ट

रत्नागिरी : हापूसची पेटी आता फक्त वाशीच्या दलालाकडे जात नाही. मंडणगडपासून राजापूरपर्यंत जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांत अनेक बागायतदार पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला थेट माल पाठवतात. कुणी नुसतं व्हॉट्सॲपवर भागवतो, कुणी स्वतःची साईट काढली आहे. गुहागर, दापोली, गणपतीपुळे पट्ट्यातले होमस्टेवालेही तेच करतात. या साईट बनवणारी पोरं बहुधा जवळचीच असतात. फिनोलेक्स अकादमीत, आंबवला किंवा लवेलला इंजिनिअरिंग केलेली, दोघं-तिघं मिळून काम घेणारी.

साईट दिसायला छान होते. फोटो चांगले, भाव लिहिलेला, खाली पैसे भरायचं बटण. पण ती साईट ठेवली कुठे, सांभाळतं कोण, चावी कुणाकडे, हे बागायतदार विचारत नाही आणि पोरं सांगत नाहीत. प्रश्न निघतो तो बंद पडल्यावर. आणि आंब्याचा धंदा असा आहे, की मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत जे काय विकायचं ते विकायचं. एप्रिलमध्ये चार दिवस साईट बंद म्हणजे झाडावरचा तयार माल गिऱ्हाईकाविना. तो अढीत थांबतो, पण किती दिवस?

हा विषय आत्ताच काढायला तीन कारणं आहेत.

पहिलं, मोठे सर्व्हरही पडतात हे नुकतंच सगळ्यांनी पाहिलं. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया केंद्रात बिघाड झाला आणि जगभरातली कितीतरी ॲप काही तास अडकली. महिना होतो न होतो तोच १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर ही कंपनी अडखळली. असंख्य साईटच्या पुढे पहारेकऱ्यासारखी ती उभी असते. तिच्यासोबत एक्स आणि चॅटजीपीटीसुद्धा काही काळ उघडेनात. दोन्ही वेळी कुणी हल्ला केला नव्हता. त्यांच्याच यंत्रणेतली चूक होती.

दुसरं, १५ मार्च २०२६ पासून साईटच्या कुलपाचा नियम बदलला. पत्त्याच्या डावीकडे जे सुरक्षिततेचं चिन्ह दिसतं, त्यामागे एक प्रमाणपत्र असतं. आधी ते एकदा घेतलं की ३९८ दिवस, म्हणजे वर्षभरापेक्षा थोडं जास्त चालायचं. आता नवं प्रमाणपत्र जास्तीत जास्त २०० दिवसांचं. १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस, आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. ब्राऊझर बनवणाऱ्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्यांच्या मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये हे ठरवलं. मुदत संपली की गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' अशी पाटी येते. पुढे जाऊन पैसे कोण भरेल?

तिसरं, गिऱ्हाईकाच्या माहितीचा कायदा. त्याचं पुढे येईल.

वाडीची नळपाणी योजना आणि स्वतःची विहीर

होस्टिंग म्हणजे साईटला राहायला जागा. साईट म्हणजे शेवटी काही फायली आणि एक नोंदवही. त्या चोवीस तास चालू असलेल्या एका संगणकावर ठेवाव्या लागतात. तो संगणक म्हणजे सर्व्हर. तो घेण्याचे तीन-चार मार्ग आहेत आणि कोकणातल्या माणसाला ते पाण्यावरून लगेच कळतील.

पहिला मार्ग शेअर्ड होस्टिंग. ही वाडीची नळपाणी योजना. एका सर्व्हरवर शेकडो साईट. खर्च कमी, पंपाची काळजी कंपनीला. पण शेजाऱ्याने जास्त पाणी ओढलं की आपल्या नळाची धार बारीक होते. जाहिरातीतला भाव बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो आणि नूतनीकरणाला बराच वाढतो. म्हणून पहिल्या वर्षाचा नाही, दुसऱ्या वर्षाचा भाव विचारायचा, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरायचा.

दुसरा मार्ग व्हीपीएस. ही स्वतःची विहीर. मोठ्या सर्व्हरचा एक हिस्सा तुमचा एकट्याचा. डिजिटलओशनसारख्या कंपनीकडे सगळ्यात लहान सर्व्हर महिना ४ डॉलरपासून मिळतो, बंगळुरूच्या केंद्रातही मिळतो. स्वस्त वाटतं. पण त्यात मेमरी अर्धा जीबी. त्यावर पॅनेल आणि दुकानाची साईट दोन्ही घातली तर दम लागतो. मुख्य म्हणजे पंप जळला, पाईप फुटला, विहिरीत कुणी काही टाकलं, तर बघायचं तुम्हीच. कंपनी फक्त विहिरीला वीज देते.

तिसरा मार्ग मॅनेज्ड होस्टिंग. विहीर तुमची, पण देखभालीला माणूस ठेवलेला. अपडेट, पहारा आणि बॅकअप तो बघतो. पैसे जास्त.

चौथा मार्ग बऱ्याच जणांना माहीतच नसतो. साईटवर भाव, फोटो, फोन नंबर, व्हॉट्सॲपचं बटण आणि यूपीआयचा क्यूआर एवढंच असेल, तर नोंदवही लागतच नाही. नुसती पानं ठेवायची. अशी साधी पानं फुकट किंवा नगण्य खर्चात ठेवणाऱ्या सेवा आहेत. त्यात फोडण्यासारखं फार काही नसतं, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिंक फिरून एकदम हजार माणसं आली तरी ती सहसा पडत नाही. वीस-पंचवीस झाडांच्या बागायतदाराला यापेक्षा मोठं काही लागत नाही. फुकट सेवेवर धंद्याची साईट चालते का, ही अट मात्र वाचून घ्यावी. काही ठिकाणी चालत नाही.

सर्व्हर कुठल्या गावात आहे यालाही अर्थ आहे. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. एकदा गेलं तर कळत नाही, पण एक पान उघडताना अशा बऱ्याच फेऱ्या होतात. लांजा-राजापूरच्या कातळावर आधीच रेंज एक काडी, त्यात हे. भारतात केंद्रांची वानवा नाही. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून, गुगलचं मुंबईत २०१७ पासून आहे. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं असेल तर सर्व्हर मुंबईचा घ्यावा.

पॅनेल फुकट, पण दार उघडं

सर्व्हर घेतला की तो चालवायला पॅनेल लागतं. पॅनेल म्हणजे मोटारीचा स्टार्टर बॉक्स. बटणं दाबून साईट चढवायची, ईमेल काढायचं, बॅकअप घ्यायचा. पॅनेल नसेल तर काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकावी लागते.

अनेक वर्षं सीपॅनेल हेच नाव चालत होतं. २०१९ च्या जूनमध्ये त्या कंपनीने भावाची पद्धत बदलली. आधी एका सर्व्हरला एकच ठरलेली रक्कम होती. नंतर सर्व्हरवर जितकी खाती, तितका भाव. पुढेही भाव वाढत गेले. पन्नास-साठ गिऱ्हाईकांच्या साईट एका सर्व्हरवर ठेवणाऱ्या छोट्या माणसाचं गणित तिथे बिघडलं. मग फुकट पॅनेलकडे ओढा वाढला. हेस्टिया, व्हर्च्युअलमिन, एएपॅनेल, सायबरपॅनल अशी बरीच आहेत. फुकट म्हणून ती वाईट नाहीत. त्यातली काही उत्तम आहेत.

पण ऑक्टोबर २०२४ मध्ये काय झालं ते लक्षात ठेवायला हवं. सायबरपॅनलमध्ये एक भोक सापडलं. पासवर्ड नसतानाही बाहेरचा माणूस सर्व्हरचा मालक होऊ शकत होता. जगभरात सुमारे २२ हजार सर्व्हरवर हे पॅनेल इंटरनेटला उघडं होतं. खंडणीखोरांनी त्यांवर हल्ला चढवला, फायलींना कुलूप लावलं आणि पैसे मागितले. या २२ हजारांत मोठ्या कंपन्या थोड्या असणार. असं पॅनेल वापरतात ती बहुतेक आपल्याकडच्यासारखी दोघा-तिघांची टीमच.

यातून 'अमुक पॅनेल घेऊ नका' असा धडा घेण्यात अर्थ नाही. आज एकात भोक सापडलं, उद्या दुसऱ्यात सापडेल. घ्यायचं ते इतकंच, की पॅनेलचं दार सगळ्या जगाला उघडं ठेवायचं नाही. ते फक्त टीमच्या ठरावीक पत्त्यावरून किंवा व्हीपीएनमधूनच उघडेल अशी व्यवस्था करता येते, आणि तासाभराच्या आत होते. लॉगिनला दोन टप्प्यांची पडताळणी लावायची. आणि अपडेट आली की दोन दिवसांत चढवायची. हे करायला टीममध्ये माणूस नसेल तर स्वतःची विहीर खणू नये. वाडीच्या योजनेवर राहावं, त्यात कमीपणा नाही.

सरकारनेही तेच केलं आहे. प्रत्येक जिल्ह्याने स्वतंत्र सर्व्हर आणि स्वतंत्र माणसं ठेवण्याऐवजी जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळं एनआयसीच्या एका सामाईक यंत्रणेवर चालतात. एका ठिकाणी दुरुस्ती केली की सगळ्यांची होते.

जुनी प्रणाली, जुनं छप्पर

पॅनेलच्या खालीही एक थर असतो, सर्व्हरची मूळ प्रणाली. होस्टिंगवाल्यांत सेंटओएस फार चालायची. तिची सातवी आवृत्ती ३० जून २०२४ ला कायमची थांबली. त्यानंतर सापडलेल्या भोकांना फुकट ठिगळ मिळत नाही. आठवी तर त्याआधीच, २०२१ च्या अखेरीस बंद झाली. तिच्या जागी अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या फुकट प्रणाली आल्या. उबुंटूच्या लांब मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. २०२२ ची आवृत्ती २०२७ पर्यंत, २०२४ ची २०२९ पर्यंत.

जुना सर्व्हर चालू दिसतो म्हणून कुणी हात लावत नाही. कौलं फुटलेलं घरसुद्धा मे महिन्यात चांगलंच दिसतं. त्याचं खरं कळतं जूनमध्ये. म्हणून साईट बनवणाऱ्याला सरळ विचारावं, 'सर्व्हरवर प्रणाली कुठली, आणि तिला अपडेट कुठल्या वर्षापर्यंत?' उत्तर एका ओळीत यायला पाहिजे.

साईटचंही तसंच. जगातल्या दर पाच साईटपैकी दोनपेक्षा जास्त वर्डप्रेसवर चालतात. वर्डप्रेस चांगलं आहे, पण त्याला जोडलेले जादाचे प्लगइन न अपडेट करता पडून राहतात आणि चोर तिथूनच शिरतो. दहा प्लगइन असतील तर सहा काढता येतात का, हे आधी बघावं.

चिपळूणला पाणी आलं तेव्हा

बॅकअपचं महत्त्व रत्नागिरी जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तळमजल्यावरच्या दुकानात जे होतं ते बुडालं. तिथे संगणक आणि त्याची बॅकअपची हार्ड डिस्क एकाच टेबलावर असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. त्याच्या आदल्या वर्षी ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत खांब पडले आणि वीज दिवसेंदिवस आली नाही. ऑफिसातल्या संगणकालाच सर्व्हर करून 'खर्च वाचवला' म्हणणाऱ्यांनी हे दिवस आठवून बघावेत.

मोठ्यांचंही काही वेगळं नाही. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला बॅटरीमुळे आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी नोकरांच्या फायली ठेवायची एक यंत्रणा पूर्ण जळाली. तिच्यात ८५८ टेराबाईट माहिती होती आणि तिची दुसरीकडे प्रत नव्हती. कोरियासारखा देश, तरी ही गत.

दुसरी गोष्ट गिटलॅब कंपनीची. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एका थकलेल्या इंजिनिअरने चुकून चालू नोंदवहीच पुसली. कंपनीकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या. त्यातली एकही नीट चालत नव्हती, हे त्या रात्री कळलं. नशिबाने सहा तास आधी कुणीतरी हाताने एक प्रत घेतली होती, तिच्यावर निभावलं. ही कंपनी प्रोग्रामरांसाठीच काम करणारी. तिचं हे, तर दोघा पोरांच्या टीमचं काय?

म्हणून जाणकार एक सोपा नियम सांगतात. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या जागांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. म्हणजे साईट मुंबईच्या सर्व्हरवर, रोजची प्रत दुसऱ्या कंपनीच्या साठ्यात, आणि आठवड्याची एक प्रत टीमच्या घरच्या डिस्कवर. रेस्टिक आणि आरक्लोन ही फुकट साधनं हे काम आपोआप करतात. पण गिटलॅबचा धडा त्यापुढचा आहे. प्रत घेतली म्हणजे झालं नाही. ती उघडून साईट पुन्हा उभी राहते का, हे दर तीन महिन्यांनी करून बघायचं. न उघडलेली प्रत म्हणजे न फोडलेला नारळ. आत पाणी आहे की नासलेला, सांगता येत नाही.

पहारा साईटच्या बाहेरून

आंबा धरला की बागेत राखणदार बसवतात. साईटचा राखणदार म्हणजे दर पाच मिनिटांनी साईट उघडते का बघणारं आणि बंद दिसली की फोनवर निरोप देणारं साधन. अपटाईम रोबोट, अपटाईम कुमा अशी नावं आहेत. फुकट वापर धंद्याच्या साईटला चालतो का, ही अट आधी वाचावी. एवढीच काळजी घ्यायची, की राखणदार त्याच सर्व्हरवर बसवू नये. सर्व्हर पडला की तोही पडतो, मग निरोप कोण देणार?

प्रमाणपत्राचंही इथेच बघून घ्यावं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था गेली दहा वर्षं फुकट प्रमाणपत्र देते, ९० दिवसांचं, आणि ते आपोआप नवं होतं. हाताने प्रमाणपत्र चढवायची पद्धत आता सोडायलाच लागेल. आज वर्षातून दोनदा करावं लागेल, २०२९ नंतर दीड महिन्याला एकदा. पॅनेल निवडताना हे आपोआप होतं का, हा पहिला प्रश्न असावा.

ईमेलची एक मेख आहे. नव्या टीम व्हीपीएसवरूनच 'तुमची ऑर्डर मिळाली' असे मेल पाठवायला बघतात. बऱ्याच कंपन्या तो मार्ग आधीच बंद ठेवतात, आणि गेलेच तर मेल गिऱ्हाईकाच्या स्पॅममध्ये पडतात. मेलसाठी वेगळी सेवा घ्यावी. निदान निरोप व्हॉट्सॲपने तरी जावा.

सातबारा कुणाच्या नावावर?

आता खरी गोष्ट. साईटचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो दरवर्षी नावावर करून घ्यावा लागतो. डॉट इन पत्त्यांची जबाबदारी निक्सी या संस्थेकडे आहे. पत्ता ज्याच्या नावाने आणि ज्याच्या ईमेलने नोंदला, कागदावर मालक तोच.

गावोगाव होतं असं. पोरगा साईट बनवतो, सोय म्हणून डोमेन स्वतःच्या खात्यात घेतो. मनात पाप नसतं. दोन वर्षांनी त्याला पुण्यात नोकरी लागते, नंबर बदलतो. नूतनीकरणाचा मेल त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहतो, कुणी बघत नाही. मुदत संपली की काही दिवस साध्या पैशात, नंतर जबर आकार भरून पत्ता परत मिळतो. त्यानंतर तो बाजारात मोकळा होतो आणि कुणीही घेतो. पेटीवर, पावतीवर, गाडीवर छापलेलं नाव दुसऱ्याच्या मालकीचं. २०१८ ला कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नावाला किंमत आहे हे कायद्यानेही मान्य केलं. मग त्याच नावाची इंटरनेटवरची जागा दुसऱ्याच्या खात्यात का?

जमिनीचा सातबारा आपण कधी कंत्राटदाराच्या नावावर ठेवत नाही. डोमेनचंही तसंच ठेवायचं. खातं बागायतदाराच्या ईमेलवर, मोबाईल त्याचा, पैसे त्याच्या खात्यातून. पोराला काम करायला परवानगी द्यावी, मालकी नाही. आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर हस्तांतराचा कोड मागून घेता येतो. भांडण न होता, चहा पाजून, आत्ताच मागावा.

गिऱ्हाईकाची यादी ही जोखीमसुद्धा

नाव, पत्ता, मोबाईल, कधी किती पेट्या घेतल्या. ही यादी बागायतदाराची मिळकत. पण ती दुसऱ्याची खासगी माहितीही आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील. माहिती नीट न राखल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. ही कमाल मर्यादा आहे, पेटीवाल्याला कुणी २५० कोटी मागणार नाही. पण 'मला माहीत नव्हतं' हे चालणार नाही, एवढं नक्की. त्याआधीपासून, एप्रिल २०२२ पासून, सर्व्हरवर हल्ला झाला तर सहा तासांत सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला कळवायचा आणि नोंदी १८० दिवस ठेवायचा आदेश आहेच.

उपाय साधा आहे. लागते तेवढीच माहिती घ्या. जन्मतारीख, आधार नंबर आंब्याच्या पेटीला लागत नाही. कार्डाचे नंबर तर ठेवूच नका. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ते साठवायला मनाईच केली आहे. पैसे यूपीआयने किंवा पेमेंट गेटवेतून घ्यावेत.

दोघा-तिघांच्या टीमने काय घ्यावं?

समजा एका टीमकडे वीस साईट आहेत. सगळ्या एका व्हीपीएसवर ठेवल्या तर दर साईटला महिन्याचा खर्च अगदी किरकोळ येतो. कागदावर नफा. पण रोहित्र जळलं की अख्खी वाडी अंधारात जाते, तशी एक चूक झाली की वीस बागायतदार एकाच सकाळी फोन करतात. आणि टीममधला सर्व्हर कळणारा एकटाच असेल आणि तो गणपतीला गावी गेला असेल, तर वीसही बंद. निवडताना भाव शेवटी बघावा. पहिला प्रश्न असा, की हे साधन दुसऱ्या माणसालाही चालवता येतं का?

पानांपुरत्या साईट साध्या पानांच्या सेवेवर ठेवाव्यात. पाच-दहा दुकानाच्या साईट असतील आणि सर्व्हरवर रोज अर्धा तास द्यायला कुणी नसेल, तर चांगलं शेअर्ड किंवा मॅनेज्ड होस्टिंग बरं. व्हीपीएस घ्यायचाच तर टीममध्ये दोघांना तो येत असला पाहिजे, आणि काय कसं बसवलं ते मराठीत एका वहीत लिहिलेलं पाहिजे. सगळे पासवर्ड एकाच्या डोक्यात किंवा व्हॉट्सॲपवर नकोत, पासवर्ड ठेवायच्या साधनात हवेत.

सर्व्हर बदलायचा असेल तर वेळ बघून बदला. आंब्याला कल्टार घालायच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, साईट हलवली तर चूक झाली तरी निस्तरता येते. एप्रिलमध्ये सर्व्हरला हात लावणं म्हणजे मोहोर आल्यावर झाड हलवणं.

बागायतदाराचीही बाजू आहे

दोष एकट्या पोरांचा नाही. साईट करून घेताना एकदा पैसे दिले की विषय संपला, असं बागायतदार धरून चालतो. फवारणी दरवर्षी करतो, राखणदाराला दरवर्षी पगार देतो, पण साईटच्या देखभालीचे पैसे मागितले की 'आता कसले?' म्हणतो. मग पोरं स्वस्तातला सर्व्हर घेतात, बॅकअप टाळतात, आणि नोकरी लागली की सुटका करून घेतात. देखभालीचा वर्षाचा आकडा सुरुवातीलाच कागदावर यावा. त्यात काय येतं, काय येत नाही आणि हंगामात फोन किती वेळात उचलला जाईल, हेही लिहावं. दोघांची सही. एक पान पुरतं.

आणि त्या पानावर पाच उत्तरं असावीत. डोमेन कुणाच्या नावावर आणि मुदत कधीपर्यंत. साईट कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर, पुढच्या वर्षीचा भाव किती. बॅकअप कुठे, आणि शेवटचा उघडून कधी बघितला. पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे. आणि रात्री साईट बंद पडली तर फोन कुणाला करायचा.

पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं पैसे देऊन मिळतात. पाचव्याचं उत्तर म्हणजे एक माणूस. तो आधी ठरवावा, कंपनी आणि पॅनेल मग निवडावं. मेमध्ये पाऊस चार दिवसांवर आलेला असताना, पेट्या भरून गाडी उभी असताना, हा माणूस शोधायची वेळ कुणावर येऊ नये.